हातात असली तरी

नागपूरच्या मे महिन्यात, कामठीच्या कोतात,
लोखंडाला हात लावायचा तर आधी फडकं लागतं.
कूलर पाणी मागतो,
नळाला पाणी येतं चारला.
अशाच एका दुपारी आलं ते पत्र,
तीन पानी, सही निळी, शिक्का तिरपा.

ज्या रायफलीची जी मॅगझिन, तीच तिच्यात.
दुसऱ्या कारखान्याची नको, चपखल बसत असली तरी.
बाजारातली नको, कोणी भेट दिलेली नको,
टेप गुंडाळलेली, दोरी बांधलेली नको.
रंग, नाव, खूण, देवाचं चित्र, काही नको.
आणि यापुढे नग मोजू नका, नंबर मोजा.
नंबर वहीत असेल तर ती आहे.
नसेल तर ती नाही,
हातात असली तरी.

मी कोत हवालदार दौलत नेवारे.
बावीस वर्षं मोजतोय, बहुतेक नगच.

तीन दिवस पोरं येत राहिली.
एकाच्या मॅगझिनला बुटाची नाडी, फास करून.
‘ओढाले सोपी जाते, साहेब.’
सोपी जाते हे पत्रात नव्हतं.
एकाने तळाला बहिणीची राखी चिकटवलेली,
घामाने तिचा नुसता दोरा उरलेला.
तो त्याने स्वतःच नखाने खरवडून काढला,
माझ्याकडे न बघता.
टेपा, नाड्या, स्टिकर, सगळं एका पत्र्याच्या डब्यात.
डबा कुठल्या वहीत लिहायचा, ते पत्र सांगत नाही.

माझे उस्ताद एक नियम सांगायचे, तोंडी:
तीस बसतात, तू अठ्ठावीस भर.
स्प्रिंगलाही जरा श्वास घेऊ दे.
तेव्हापासून मी पिठाचा डबासुद्धा काठोकाठ भरत नाही.
बायको हसते.

चौथ्या दिवशी उईके आला, देवलापारचा,
सगळ्यांच्या शेवटी, रांग संपल्यावर.
मॅगझिन टेबलावर ठेवली आणि वर हात ठेवूनच उभा.
नंबर दोनशे अकरा.
वहीत त्याच्या नावावर एकशे अठरा.
तळाला खिळ्याने कोरलेलं: कन्हान ४.१०.

‘हे माही नाही होय, साहेब. चाफलेची होय.
त्या राती अंधारात अदलाबदल झाली.
माही त्याच्यापाशी होती, थो पडला तवा.
मंग नाल्यात गेली.’

चाफले आता पारशिवनीत किराणा दुकान चालवतो,
गल्ल्याशी उंच स्टूल, उजवी विजार गुडघ्याशी दुमडलेली.
सुट्टी लागली की कन्हानला चार-दहाची गाडी पकडायचा.
त्याचं पान मीच लाल शाईने बंद केलं होतं.
दोनशे अकरा: हरवली, बाद.

म्हणजे नाल्यातली आहे.
आणि ही, टेबलावरची, नाही.

मी अंगठ्याने आतली पट्टी दाबली.
तिने अंगठा परत ढकलला, पहिल्या दिवशीसारखा.
दोन वर्षं अठ्ठावीसच भरत आला असणार पोरगा.
कोणी सांगितलं असेल त्याला?

लिहायचं तर सरळ होतं.
एकशे अठरा, हरवली. दोनशे अकरा, मिळाली.
चौकशी बसेल, पगारातून थोडे कापतील,
मलाही विचारतील, इतके दिवस काय मोजत होतास?
मी लिहिलं. दोन्ही ओळी.
मग नियमाप्रमाणे पॉलिश पेपरचा तुकडा
त्याच्यापुढे सरकवला, खुणेसाठी.

तो घासत बसला. आधी शून्य गेलं, मग एक.
‘चाफलेले सांगू का, साहेब, सापडली म्हून?’

माझ्या तोंडात बरंच होतं.
खिडकीबाहेर कोराडीचा धूर सरळ वर चाललेला,
वारा नावालाही नाही.

चार वाजले. नळाने खाकरून पाणी सोडलं.
मी बादली लावली, वही मिटली,
आणि पुढची दहा मिनिटं
काहीच मोजलं नाही.